यंदा आखणी नको

चेन्नई, सोमवार

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

टीव्हीवर उलटलेली ती उघड्या चाकांची रेसगाडी माझी नव्हती, हे आईला आधी सांगा. ती माझा जोडीदार सेल्वम चालवत होता. तो गेला.

तासाभरात शर्यत पुन्हा लावली. मी सगळ्यांसमोर गरजलो, "माणूस मेलाय! आज इंजिनं बंद राहतील!"

मॅनेजर म्हणाला, "भाषणं पेणला कर. हेल्मेट घाल."

मी घातलं नाही. नोकरी गेली, त्याचं दुःख नाही. आपल्या कारखान्यात मूर्ती भंगली तरी तुम्ही सगळ्यांचं काम थांबवून हात जोडायला लावता.

गणपतींचं रंगकाम सुरू झालं का? मी येतोय. यंदा मला डोळ्यांच्या आखणीला बसवू नका, माती मळायला द्या. हात अजून कापतात. हे मात्र आईला सांगू नका.

तुमचा,
गोपाळकृष्ण