पाणघोड्याच्या जागेसाठी

शनिवार, १ फेब्रुवारी

निश्चय : उद्याचा अख्खा रविवार कुटुंबाला. छोटीला (वय पाच) मुलांच्या खेळ-म्युझियममध्ये नेणार. बायको तिला बऱ्याचदा नेते, पण बायको ट्रेनिंगमधली नाही. मी कंपनीत ट्रेनिंग मॅनेजर आहे. चाळीस-चाळीस मोठी माणसं माझ्यासमोर बसून टीमवर्क शिकतात. एक लहान मुलगी म्हणजे माझ्या हातचा मळ.

मोबाईल उद्या बंद. तसं घरात जाहीर केलं. बायको बरं म्हणाली, पण भुवई उचलून. सासूबाईही येणार आहेत. येऊ देत. साक्षीदार असलेला बरा.

रविवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी

मोबाईल बंद ठेवला. सुरुवातीला. नंतर फक्त अर्जंट फोन घेतले. सगळेच अर्जंट निघाले, त्याला माझा इलाज नाही.

आत जाताना बूट काढावे लागतात, ही माहिती मला कोणी आधी दिली नव्हती. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर. दिवसभर डावा पाय पुढे ठेवून वावरलो.

म्युझियम म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये वसवलेलं छोटं गाव. दुकान, दवाखाना, आत बसता येईल अशी अ‍ॅम्ब्युलन्स, रंगीत चेंडूंचा हौद. मधोमध माझ्या छातीइतक्या उंच भिंतींचं, बिनछताचं एक घर. त्या घराचा नियम असा, की जे मूल एप्रन घालेल त्याने इतरांना कामं वाटून द्यायची. एप्रन छोटीने पटकावला. (लीडरशिप. माझ्याकडून.) बायको झाली आजी. सासूबाई झाल्या बाळ, आणि लगेच गादीवर आडव्या. मी कुरिअरवाला.

मी विचारलं, बाबा कोण? छोटीने सोफ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक कापडी पाणघोडा बसला होता. जांभळा. एका डोळ्याचा. हा का, असं विचारलं. ती म्हणाली, तो नुसता बसतो ना, म्हणून. बायकोला खोकला आला. बाळ तोंडावर पांघरूण घेऊन हसलं.

पार्सल घेऊन दार वाजवलं. आतून सांगण्यात आलं, की बाबा कामात आहेत, आवाज करू नका.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिस. शांतपणे विचार केला. छोटीने निवड आकारमानावरून केली असणार. पाणघोडा त्या घरातली सगळ्यात भारदस्त वस्तू आहे. म्हणजे तिच्या मनात बाबांची प्रतिमा भारदस्त आहे. एकूण अभिमानाचीच गोष्ट.

तरी जागा माझी आहे. पुढच्या रविवारी ती पदरात पाडून घेणार.

दुपारी ‘ऐकण्याची कला’ हे माझं लोकप्रिय वर्कशॉप. कोणीतरी काहीतरी प्रश्न विचारला. मी पाणघोड्याचा विचार करत होतो. उत्तम प्रश्न, असं म्हणून पुढे गेलो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जेवताना छोटीशी थेट बोललो. चांगल्या बाबाकडे कोणते गुण हवेत? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, तो मऊ पाहिजे. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. गेल्या दोन वर्षांत मी बराच मऊ झालो आहे.

ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात साहेबांचा फोन आला. परत येईपर्यंत झोपली होती. बायको म्हणाली, तिला तिच्या मैत्रिणीबद्दल काहीतरी सांगायचं होतं. रविवारी ऐकेन म्हटलं. रविवार त्यासाठीच तर ठेवला आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तयारी. नवे मोजे आणले. जमिनीवर मांडी घालून बसण्याचा सराव केला. बसणं जमलं. उठताना टीपॉयची मदत घेतली. टीपॉय तसा जुनाच होता.

रविवार, ९ फेब्रुवारी

बढती. कुरिअरवाल्यावरून शेजारचे काका. काकांचं काम, दर थोड्या वेळाने येऊन आवाज कमी करा म्हणून ओरडायचं. भूमिकेत जीव ओतला. शेजाऱ्यांमधल्या सुसंवादावर दोन शब्दही बोललो. बोलणं संपवून पाहिलं, तर सगळे चेंडूंच्या हौदाकडे निघून गेले होते.

अशी संधी पुन्हा येत नाही. पाणघोडा काखोटीला मारला, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये टाकला, दार लावलं आणि सोफ्यावर ऐटीत जाऊन बसलो.

छोटी परत आली. सोफा बघितला आणि भोकाड पसरलं. बाबा हरवले. मी म्हटलं, अगं, मी आहे की. ती आणखी मोठ्याने रडायला लागली.

मग प्रकरण हाताबाहेर गेलं. पिवळ्या टी-शर्टातली तिथली ताई धावत आली. तिने माइकवरून जाहीर केलं, की एक बाबा हरवले आहेत, रंग जांभळा, डोळा एक, दिसल्यास घराजवळ आणून द्यावेत. हॉलमधली यच्चयावत मुलं शोधायला लागली. संशय नको म्हणून मीही दुकानातल्या लाकडी भोपळ्यांमागे वाकून पाहिलं.

पाणघोडा सापडला. छोटीने त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, त्याच्या पोटात तोंड खुपसलं आणि किती वेळ सोडलंच नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. खरं लिहायचं तर मला हेवा वाटला. कापडाचा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बायकोला सगळं ठाऊक आहे. तिने अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागताना पाहिलं होतं. आणीबाणीत मुलं कशी वागतात याची चाचणी घेत होतो, असं मी सांगितलं. ती म्हणाली, तिच्याशी नुसतं खेळायला काय हरकत आहे? म्हटलं, मग गेले दोन रविवार मी दुसरं काय करतोय? ती कपडे वाळत घालायला गेली. तिला पटलं असावं.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुपारी, कारमध्ये (बायको सासूबाईंना सोडायला वर गेली आहे, छोटी मागे झोपली आहे)

आज जागा मिळाली. पाणघोडा धुवायला गेला आहे. शोधाशोधीत चाळीसेक हात लागल्यामुळे कळकट झाला होता, असं ताई म्हणाली. छोटीने सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझं पोट दाबून बघितलं आणि बरं म्हणाली. बायकोकडे मी विजयी नजरेने पाहिलं.

कामाच्या अटी : बसायचं. बोलायचं नाही. हातात लाकडी ठोकळा दिला. हा तुझा फोन, याच्याकडे बघत राहायचं.

मी सुरेख केलं. मानेला बाक, अंगठा चालू, अधूनमधून हं. ताई म्हणाली, अगदी खऱ्यासारखं करताय.

घरात खूप काही चाललं होतं. बाळाला ताप आला. आजीने डॉक्टरला बोलावलं. मग ताप उतरला, म्हणून छोटीने सगळ्यांना लाकडी कपांतून चहा दिला. आजीला, बाळाला, डॉक्टर झालेल्या एका अनोळखी मुलीला, तिच्या बाहुलीला. मला नाही. डॉक्टरने विचारलं, यांना? छोटी सहज म्हणाली, त्यांना नको, ते आता घरात नाहीत.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. ठोकळा खाली ठेवला. उठलो (टीपॉय नव्हता, तरी उठलो), स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेलो आणि कापडी गाजर कापायला घेतलं. बाळाच्या कपाळाला हात लावून विचारलं, आता बरं वाटतंय का? सासूबाई चपापून उठून बसल्या.

छोटी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, तू चुकीचं करतोयस. बाबा असं करत नाहीत. मी म्हटलं, हे बाबा करतात. ती म्हणाली, मग तुला बाबा होता येणार नाही. गादीवरची उशी आणली, सोफ्यावर ठेवली आणि माझा ठोकळा उशीसमोर ठेवला. मला पडदा धरून उभं राहायला सांगितलं.

उशी बरी बसली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी आल्यावर मोबाईल कपाटात ठेवला. स्वयंपाकघरात गेलो. बायको पोळ्या करत होती, छोटी ओट्याजवळच्या स्टुलावर उभी राहून कणकेचे गोळे करत होती. काय कापू, असं विचारलं. बायकोने सुरी आणि गाजर पुढे केलं. छोटीला म्हटलं, तुझ्या त्या मैत्रिणीचं काय झालं, ते सांग ना.

छोटीने माझ्याकडे पाहिलं. मग पिठाचा हात माझ्या हातावर ठेवून, मला वाईट वाटू नये अशा बेताने हळूच म्हणाली, बाबा, खेळ आता संपलाय. तू जाऊन बसलास तरी चालेल.