घर अजून दिसतंय

३ नोव्हेंबर, सोमवार
घर पक्कं झालं. कामोठ्यात, चौथा मजला, दोन बेडरूम, स्वयंपाकघराला खिडकी. अकरा वर्षं भाड्याने काढल्यावर स्वतःचं. मालक अब्दुल्लाभाई, मस्कतला तीस वर्षं नोकरी करून परतलेले. माझी ऑफर ऐकली, दिलशादभाभींकडे बघितलं आणि म्हणाले, "दिलं." टोकन घेईनात. जबान दिली म्हणजे झालं, म्हणे. घर मुलीच्याही नावावर आहे, ती रिदा मस्कतहून आली की डिसेंबरात कागद. मग खजूर दिले.
किशोरी रिक्षात रडली. मी नाही. क्लासमध्ये तर्कशक्ती शिकवणाऱ्या माणसाला ते शोभत नाही.
संध्याकाळी आमच्या पनवेलच्या घरमालकाला, कमळाकरशेठला, महिन्याची नोटीस दिली. 'इतकी घाई काय?' म्हणाला. हसलो फक्त.

४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
ॲप उघडलं. सहज, आपलं घर बघायला. घर दिसतंय. 'विक्रीसाठी उपलब्ध.' वर लाल पट्टी, 'झटपट संपर्क साधा.'
अब्दुल्लाभाईंना फोन केला. जाहिरात रिदाने तिच्या जुन्या नंबरवरून टाकली होती, संपर्काला फक्त त्यांचा नंबर दिला; तिचा नंबर बंद झाला, ओटीपी येत नाही, म्हणून काढता येत नाही, कंपनीला कळवलंय. दिसली तर दिसू दे, म्हणाले, दिसल्याने घर कुठे जातंय.
ओटीपी! माझी नापास पोरं यापेक्षा बरी कारणं देतात.
विधान एक: विकलेलं घर यादीत नसतं. विधान दोन: हे घर यादीत आहे. निष्कर्ष उघड आहे. वर्गात याला मी पूर्ण मार्क देतो.

५ नोव्हेंबर
संकल्प: ॲप दिवसातून एकदाच. (आज एकदाच उघडलं. बंद केलं नाही, तो भाग वेगळा.)
किशोरी पडद्यांचं कापड घेऊन आली, पिस्ता रंगाचं. म्हणाली, माणसं सरळ वाटतात, उगाच खाजवून खरूज काढू नका. तिला तर्कशास्त्र शिकवण्याचा नाद मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडला.

६ नोव्हेंबर
सापळा लावला. ॲपवर माझं नाव बदलून 'एस. शहाणे, दुबई' केलं आणि मालकांना मेसेज टाकला: पाच लाख जास्त देतो. चार मिनिटांत उत्तर: 'घर दिलंय. माफ करा.'
चार मिनिटांत? पाच लाखांवर एवढ्या पटकन पाणी सोडणारा माणूस नक्की काहीतरी लपवतो. उत्तर थेट माझ्याच फोनवर आलं. ॲपची एवढी एक सोय मात्र बरी आहे.

८ नोव्हेंबर
काल 'कर्नल पाटील'. नकार. आज 'डॉ. सौ. वाडेकर', त्यांनी मुद्दाम विचारलं की घेणारा भरवशाचा आहे का. उत्तर: 'मास्तर आहेत. चांगले आहेत.'
मास्तर. 'सर' लिहायला काय झालं होतं?

१० नोव्हेंबर
बनावट गिऱ्हाईक प्रत्यक्ष पाठवायचं ठरवलं. क्लासमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या प्रांजल मॅडम तयार झाल्या, जराशा नाखुशीने. कोन गावात आईबरोबर भाड्याने राहतात, दोन वर्षं घर शोधताहेत, त्यामुळे अभिनय वगैरे करावा लागणार नाही. निवड अचूक.

११ नोव्हेंबर
मॅडम तिथे दोन तास बसल्या. अब्दुल्लाभाईंनी दारातच सांगितलं, घर दिलंय; पण लिफ्ट बंद असताना चार मजले चढून आल्या म्हणून आत बोलावलं. दिलशादभाभींनी जेवू घातलं. खिडकीतून वारा छान येतो, मॅडम म्हणाल्या. सर, संशय सोडा, असंही म्हणाल्या.
एका जेवणात विरघळल्या. इंग्रजीवाल्यांकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

१३ नोव्हेंबर, दुपारी ४
अब्दुल्लाभाईंनी बोलावलंय. शेवटी कबूल करणार. माफ करायचं की थोडं ताणून धरायचं, रिक्षात ठरवतो.

सायं. ६.३०
टेबलावर त्यांचा मोबाईल होता. शहाणे, कर्नल, डॉक्टर, तिन्ही नावांखाली एकच नंबर. माझा. अब्दुल्लाभाईंनी पाहिलं नव्हतं, दिलशादभाभींनी चष्मा लावून वाचलं. आधी त्यांना वाटलं, माझा फोन चोरीला गेला. काळजीत होते, म्हणे.
मी दोन्ही विधानं समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अब्दुल्लाभाई म्हणाले, "देवेशभाऊ, आमी जबान दिली ती तुमाला. तुमालाच ती पटत नाय, तर आमी परत घेतो."
चहा मिळाला. खजूर नाहीत.

१४ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. हा दबाव आहे. दोन दिवसांत फोन येईल. आपण करायचा नाही.
जाहिरात दिसतेच आहे, म्हणजे घर गेलेलं नाही. आता तिचा आधार वाटतो. किशोरीला सांगितलं नाही, ती पडदे शिवते आहे.

२४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
घर दिसत नाही. तीनदा शोधलं. कंपनीला एकदाची अक्कल आली.

दुपारी १
प्रांजल मॅडमनी क्लासमध्ये पेढे वाटले. चौथा मजला, स्वयंपाकघराला खिडकी. मला पेढा देताना त्यांना मान वर करवेना. म्हणाल्या, मी तुमच्यासाठी रदबदली करायला गेले होते, सर. अब्दुल्लाभाई म्हणाले, त्यांना नाय देणार, तुमाला हवं तर बोला.
पेढा खाल्ला. बरा होता.

२५ नोव्हेंबर
किशोरीला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मशीनवरचा पडदा काढला, घडी घातली आणि विचारलं, "तीन तारखेनंतर आपण राहायचं कुठे?"
तडक ॲप उघडलं. पनवेल, भाड्याने, एक बेडरूम. पहिल्याच जाहिरातीत ओळखीची खोली. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर पिस्ता रंगाचं कापड, आणि खुर्चीत बनियनवर मोबाईलमध्ये डोकं घातलेला मी. कमळाकरशेठने फोटो कधी काढला, कळलंही नाही.
'भाड्याने उपलब्ध.' जीव भांड्यात पडला. किशोरीला दाखवलं. नाव परत 'देवेश' केलं आणि मेसेज टाकला: आम्हीच राहतो, भाडं वाढवून देतो.
चार मिनिटांत उत्तर आलं.
'मास्तर, रूम कवाच दिली. जाहिरात काढायची रायली.'