त्या दिवशी पट्टा काढला नाही

बाबा, काल पुन्हा नाल्याला पूर होता, आणि पाण्यात उतरण्याआधी मी बोनेट उघडून पंख्याचा पट्टा काढला. तुम्हीच शिकवलं होतं: पट्टा राहिला की पंखा पाणी उडवतो, प्लग भिजतात, इंजिन बसतं. लढाईनंतर लष्कराच्या मोडीतून घेतलेली आपली ही पिकअप. वैशाखात अकोल्याचं डांबर वितळलं तरी ओलं पोतं पांघरून चालली, गारांनी टप ठोकून काढला तरी थांबली नाही, काळ्या चिखलात चाकाच्या आसापर्यंत रुतून बाहेर आली. उभ्या जन्मात ती एकदाच बंद पडली. नेमकी त्याच दिवशी. संशय येणार नाही तर काय?

कॉलेजात जिच्यावर माझा जीव होता, तिला घरच्यांनी अमरावतीहून काढून अकोटला नेलं, तेव्हा मीही पुस्तकं फेकून तुमच्या हाताखाली क्लीनर झालो, कारण गाडी अकोटला जायची. तुम्ही कारण विचारलं नाहीत. न विचारणं हा काही तुमचा स्वभाव नव्हता. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मग तिचा निरोप आला: उद्या सोयरीक पक्की होतेय, दुपारी अकोटच्या एसटी स्टँडवर थांबते, घेऊन जा. दुसऱ्या सकाळी पाऊस असा की एसट्या बंद. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, तर तुम्ही म्हणालात, "सरकीच्या पोत्याइले दाखवाले घातला का बे हा शर्ट?"

अजून दिसतं मला. नाल्याशी तुम्ही विडी फेकता, बोनेटला हातही लावत नाही, गिअर टाकता. "बाबा, पट्टा!" असं मी ओरडेपर्यंत चाकं पाण्यात. मधोमध गाडी दोनदा खोकते आणि गप्प. काठावरचा एक शेतकरी हसतो, "काय डायवर, लढाईची गाडी बैलायले बोलावून राहिली!" त्याच्याच जोडीनं ओढून काढलं तेव्हा दिवस कलला होता. "पट्टा काहून नाही काढला?" तुमची कॉलर धरायचीच बाकी ठेवली मी. "इसरलो," तुम्ही म्हणालात, आणि प्लग पुसून एका हँडलात गाडी सुरू केलीत. तुम्ही? विसरलात? तिची सोयरीक झाली. पुढे आपण कामापुरतं बोललो, आणि एका तापात तुम्ही गेलात.

मागच्या बाजाराला ती अकोल्याच्या स्टँडवर दिसली, कडेवर पोर. मी तिला तो नाला, तो पट्टा, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गेलेल्या मानसाले काहून दोष देता? मी त्या दिवशी घरातून निघालीच नव्हती. आईनं नुसतं पाह्यलं माह्याकडं, अन् मी पोळ्या लाटाले बसली."

हा कागद कुठे धाडायचा नाही. सीटखाली त्या जुन्या पट्ट्याजवळ राहील. तुम्ही खरंच विसरला असाल, असं गाडी चालवताना मनाला घोकायला लावतो. पण संशय सोडवत नाही, बाबा. तो सोडला तर राग धरायला तीच उरते, आणि तिच्यावर मला अजूनही रागावता येत नाही.