फायलीच्या डोक्यावरची ओळ

४ जून
सिरोंच्याहून श्रीनिवासनं लिंक पाठवली. खाली एवढंच: "अक्का, बसून बघ. उभ्यानं नको."
नागपूरच्या एका फाउंडेशननं पुराचं अॅप काढलंय. कोणत्या नाल्यावर पाणी चढलं, कोणता रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बंद, गाडी जाईल की नाही. चिन्ह हिरव्या पानाचं. पुराच्या अॅपला पान. कोणीतरी पगारी माणसानं निवडलं असेल.
अॅप आमचंच आहे. मी आणि श्रीनिवासनं चार वर्षं केलेलं 'रपटा'. कोड पहिल्यापासून सगळ्यांना खुला ठेवला आहे. कोणीही घ्या, बदला, विकासुद्धा. अट एकच, प्रत्येक फायलीच्या डोक्यावर कॉपीराइटची जी ओळ आहे ती राहू द्या.
अडतीस फायली. अडतीसही ठिकाणी आमची ओळ गायब. तिथं फाउंडेशनचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'.
आत 'ओलांडन्याची' हे माझं चुकीचं शुद्धलेखन जसंच्या तसं. चोरताना वाचायचेही कष्ट घेतले नाहीत.

५ जून
श्री.शी फोनवर तासभर. त्याच्या मोबाइल दुकानात गिऱ्हाईक येत होतं, मधेच तेलुगूत बोलत होता. मी तावातावानं, तो थंड.
"चोरी म्हणू नको, अक्का. घ्यायची परवानगी आपणच दिली. ती कॉपीराइटची नोटीस पुसली, तिथं परवाना मोडला. तेवढंच लिही."
लिहिलं. चार ओळी. पहिल्या मसुद्यात 'निर्लज्ज' होतं, श्री.नं काढायला लावलं.

९ जून
उत्तर आलं. "कोड स्वच्छ करताना जुन्या टिपा काढल्या गेल्या असाव्यात."
काढल्या गेल्या असाव्यात. जशा काही वाऱ्यानं उडाल्या.
स्वच्छतेत आमची नावं तेवढी केर निघाली.

१२ जून
प्राचार्यांनी बोलावलं. सुट्टीत. चामोर्शीत आज इतकं ऊन की स्कूटीची सीट भाजत होती. केबिनमध्ये कूलर, त्यामागे प्राचार्य, समोर फाउंडेशनचं पत्र.
"मॅडम, तुम्ही आमच्या कर्मचारी. म्हणजे हे सॉफ्टवेअर कॉलेजचं. त्यांनी आपल्याला सहयोगी संस्था म्हणून घेतो म्हटलं आहे. कार्यक्रमात आपला बोर्ड लागेल."
चार वर्षांत या माणसानं मला एकदा विचारलं होतं, "तुमचं ते पाण्याचं काय ते चालू आहे का?" तेही चुकून.
मी म्हटलं, माझ्या नेमणुकीच्या पत्रात संगणक शिकवणे लिहिलंय. अॅप घरी केलं, सुट्टीत, माझ्या लॅपटॉपवर.
"सगळं?"
सगळं नाही. दोन फायली लॅबमध्ये लिहिल्या होत्या, प्रॅक्टिकलला मुलं आली नाहीत त्या दिवशी. ते मी बोलले नाही. बोलले नाही ते इथं लिहून ठेवते.

१३ जून
फाउंडेशनचा माणूस आला. या उन्हात कोट. नाव सांगितलं, कार्ड दिलं, मला तो कोटच लक्षात राहणार.
कागद आणला होता. मी आणि श्री.नं सगळा कॉपीराइट त्यांच्या नावे करून द्यायचा. "एकच मालक असला की स्वच्छ राहतं, मॅडम. उद्या परवाना बदलायचा झाला तर दहा जणांच्या मागे कोण फिरणार?"
म्हणजे परवाना बदलायचा आहे. म्हणजे बंद करायचं आहे. बावळटासारखा स्वतःच बोलून गेला.
बदल्यात काय, तर अॅपमध्ये सर्वात खाली 'स्थानिक स्वयंसेवकांचे सहकार्य'. स्वयंसेवक. रांगोळ्या घातल्या आम्ही.
मग म्हणाला, "रपट्यांची जी यादी आहे ना, तीच खरी कामाची. आणि तिच्यावर तर एकट्या तुमचंच नाव आहे. तुम्ही एकटीनं सही केली तरी अर्धं काम होतं."
विचार करून सांगते म्हटलं. चहा घेतला नाही त्यानं. ढवळून ठेवला.

१४ जून
ती यादी माझी नाही.
ती बाबूरावभाऊ मडावींची. अठ्ठावीस वर्षं अहेरीकडच्या जंगलातल्या रूटवर बस चालवली, आता मार्कंड्याला लेकीकडे राहतात. तीन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून मी टाइप करत होते, ते बोलत होते. कोणत्या रपट्यावर कोणता दगड बघायचा. कुठं दगडाचं पांढरं डोकं दिसलं तर बस जाते, कुठं खांदा बुडाला तर ट्रकही नाही. साठच्या वर रपटे, सगळे तोंडपाठ.
आज बदलांची जुनी नोंद उघडून पाहिली. यादी टाकली: मी. दुरुस्त केली: मी. फायलीच्या डोक्यावर: कॉपीराइट, मी.
त्या दुरुस्त्याही माझ्या नाहीत. भामरागडकडच्या उपकेंद्रातली संध्या सिस्टर व्हॉट्सअॅपवर कळवायची, "ताई, या नाल्यावरचा तिसरा दगड वाहून गेला, आता चौथा पाहा." मी कॉपी करून चिकटवायचे. दोन पावसाळे.
फाउंडेशनला दहा दिवस शिव्या देते आहे. त्यांनी माझी ओळ पुसली. मी तर या दोघांची ओळ लिहिलीच नव्हती.
दर जानेवारीला मात्र अडतीस फायलींत साल बदलायचे न चुकता. त्यालाच काम समजत होते.

२१ जून
श्री.ला सांगितलं. त्यानं समोरचं गिऱ्हाईक आधी वाटेला लावलं. मग म्हणाला, "माहीत होतं, अक्का. वाटलं तू टाकशील कधीतरी."
हे जास्त लागलं.
कोटाला कळवलं, यादी माझी एकटीची नाही, सही करणार नाही. त्याचं उत्तर: नुसती माहिती कोणाच्याच मालकीची नसते.
श्री.: "मग तिच्यावर स्वतःचं नाव काऊन टाकलं म्हणून विचार." विचारलं.

६ जुलै
संध्याचा फोन. आवाज बसलेला.
वरून सूचना आली होती, सगळ्यांनी नवीन अॅप घ्या. तिनं घेतलं. आज दुपारी एका बाईला कळा सुरू झाल्या म्हणून जीपमधून निघाली. वाकड्या नाल्याचा रपटा अॅपमध्ये हिरवा. मधोमध गेल्यावर पाणी इंजिनात शिरलं, जीप बंद. ड्रायव्हर आणि बाईचा नवरा, दोघांनी बाईला हातांवर उचलून मागं आणलं, संध्या पुढं काठीनं तळ चाचपत. गावच्या अंगणवाडीत बाळंत झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत.
"दगड दिसून नव्हता राह्यला ताई. मले मालूम होतं ना, मीच त तुमाले कळवलं होतं. पन मोबाइल हिरवा दाखवे. ड्रायव्हर म्हणे, सरकारी हाय, बरोबरच असन."
मग म्हणाली, "त्यायले सांगाव म्हणून नाव पाह्यलं. कोनाचंच नाव नाई. एक फॉर्म हाय, इंग्रजीत. मंग तुमाले लावला."
फोन ठेवला. भाकरी टाकायला घेतली, पहिली करपली, दुसरी नवऱ्यानं टाकली.

७ जुलै
दोन्ही याद्या शेजारी लावून बसले.
दगड काढून टाकलेत. डोकं, खांदा, तिसरा, चौथा, सगळं गेलं. त्या जागी प्रत्येक रपट्यापुढं एकच आकडा, अर्धा मीटर; पाणी त्याच्या आत असलं की हिरवा. साठ नाल्यांना एकच उंची. वर टीप: 'मोजमाप एकसारखे केले.' बदल करणाऱ्याचं नाव: अॅडमिन.
या अॅडमिननं आयुष्यात पायाला ओल लागू दिली नसेल.
कोटाला फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकला, यादी आज परत घ्या, एक जीप बंद पडली आहे, आत कळा सुरू झालेली बाई होती. उत्तर: "तांत्रिक टीमला कळवतो. माता-बालक सुखरूप असल्याचा आनंद आहे."
आनंद आहे म्हणे.

९ जुलै
मार्कंड्याला गेले. बाबूरावभाऊ लेकीच्या भाताच्या बांधीत रोवण्याला उतरलेले, गुडघाभर चिखलात. मला पाहून बांधावर आले, हात धुतले.
भाऊ, तुमची यादी माझ्या नावावर आहे, म्हटलं. चार वर्षं आहे.
"कोनती यादी?"
रपट्यांची.
"हां, ते. तं का झालं बाई? मी कुठी मागाले आलो."
मला वाटलं होतं रागावतील. मग मी फाउंडेशनचं सगळं सांगितलं. नावाचं ऐकताना ते पेंढी बांधत होते. वाकड्या नाल्याचं सांगितलं तेव्हा हात थांबला.
"वाकड्याले अर्धा मीटर? कोन बोललं?"
कोणीतरी. नाव नाही.
"तिथी मधात भवरा हाय. दर साली रेती निघून जाते. म्या पहिल्या दगडाचं पुरं डोस्कं दिसल्याबिगर कधी गाडी घातली नाई. पॅसेंजर शिव्या देत, देऊ दे." बराच वेळ नाल्याच्याच दिशेला बघत राहिले, इथून तो दिसत नाही तरी. "बाई वाचली ना?"
वाचली. लेकरूही.
"मंग आता टाका माह्यं नाव. मोठ्ठं टाका. ज्याले बदलाचं हाय त्याले पयले कळलं पाह्यजे, कोनाले विचाराचं ते."
चार वर्षं मी हा विषय वर्गात शिकवते. मालकी, हक्क, परवाना. पोरं लिहून घेतात, परीक्षेत ओततात. हे एक वाक्य माझ्या नोट्समध्ये नाही.
येताना त्यांच्या लेकीनं दोडके दिले. घेताना लाज वाटली.

१४ जुलै
श्री. आणि मी, दोन दिवस बसून सगळ्या फायलींची डोकी बदलली. आता ओळ अशी: कॉपीराइट, रपटा प्रकल्पाचे योगदानकर्ते. सगळी नावं वेगळ्या फायलीत, कोणी काय दिलं त्यासकट. प्रत्येकाचा हक्क त्याच्याकडेच, कोणी कोणाला काही लिहून दिलेलं नाही. साल काढून टाकलं. श्री. म्हणाला, सालाशिवाय काही अडत नाही. माझं जानेवारीतलं काम गेलं.
यादीच्या फायलीवर: बाबूराव मडावी यांनी सांगितलेली.
टाइप: मी. एवढंच, आणि तेवढं खरं आहे.
संध्याला फोन केला, तुझंही टाकते म्हटलं.
"नोको ताई. मी सरकारी नोकरीत. परवानगी काऊन नाई घेतली म्हणून मलेच नोटीस येईन."
आमच्या कॉपीराइटच्या नोटिशीनं तिला ऑफिसची नोटीस. हसू आलं नाही.
तिची जागा रिकामी ठेवली आहे. 'आणखी एक' असं लिहिणार नव्हते. तसं तर कोटही लिहितो.

२२ जुलै
फाउंडेशनचं पत्र. सदतीस फायलींत आमच्या ओळी परत टाकल्या. जीपची बातमी कोणीतरी वरपर्यंत नेली असावी. परवान्यावर त्यांची श्रद्धा अचानक जडली असेल यावर माझा विश्वास नाही.
अडतिसावी, यादीची, मात्र त्यांच्याच नावावर. कारण: "सदर यादीचे श्रेय वाद उद्भवल्यानंतर बदलण्यात आले." यादी स्वतःच केल्याचं बाबूरावभाऊंनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं. ज्यांनी अर्धा मीटर लिहिलं त्यांना पुरावा पाहिजे.
पण खोटं तरी कसं म्हणू. मीच तर उशिरा बदललं.
प्राचार्य भेटले व्हरांड्यात. "मॅडम, कॉलेजनं तर कधी हक्क सांगितलाच नव्हता. गैरसमज नको." म्हटलं, नाही सर, मुळीच नाही. त्या दोन फायलींचं त्यांना सांगून टाकलं. लॅबमध्ये लिहिल्या होत्या, कॉलेजला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या. ते घाबरून केबिनमध्ये गेले.

३० जुलै
बाबूरावभाऊंना पत्र वाचून दाखवलं. "सही देतो ना. अंगठा बी देतो. पन त्या कोटवाल्याले वाकड्यावर आना एक बार. मी दगड दाखवतो, त्यानं ओळखावं. मंग सही."
कोटाला कळवलं. नाही म्हणेल असं वाटलं. शनिवारी येतो म्हणाला, सोबत फोटोग्राफर. म्हणजे बाबूरावभाऊंबरोबर फोटो काढून घेणार आणि खाली काय लिहिणार, देव जाणे. श्री. म्हणतो, काढू दे, फोटोखाली नाव तरी लागेल. तो माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे. मला सवयीनं तिरस्कारच सुचतो.

१ ऑगस्ट
सकाळपासून पावसाची झड. त्यांच्या अॅपमध्ये वाकडा अजून हिरवा. आमच्याकडे लाल. लोक कोणतं बघतात मला माहीत नाही.
बाबूरावभाऊंचा फोन, "उद्या पाणी असन त अखीन बरं. त्याले दिसन."
चार वाजता संध्याचा मेसेज: "ताई, साहेबांना नाही विचारलं. टाका माझं नाव."
फाइल उघडली. तिचं नाव लिहिलं, पुढं काय दिलं ते लिहिलं. जतन करणार तेवढ्यात दुसरा मेसेज.
"थांबा जरा."
थांबले आहे. साडेपाच झाले. अजून काही आलं नाही.