निलेशची दाढी

४ जाने., रविवार
शेवटचा सीन आजही राहिला. एसटी स्टँडवर शूटिंगची परवानगी आलीच नाही. तन्मय आमचा डायरेक्टर (पैसे वडिलांचे, टेन्शन स्वतःचं). आधी चहावाल्यावर चिडला, मग माझ्यावर घसरला. "केतकी, निलेशची दाढी सांभाळ. काढली तर पिक्चर बोंबलला." जशी काही दाढी माझ्याच हनुवटीवर आहे!
पण कंटिन्युइटी माझ्याकडे. कुठल्या सीनला हीरोच्या शर्टाचं कुठलं बटण उघडं, दाढी किती, सगळं मी बघायचं. चार महिने दर रविवारी हीरोच्या, म्हणजे निलेशच्या, तोंडाकडे बघत बसणं हे माझं अधिकृत काम. बरंय. कुणाला संशय नाही.

७ जाने.
क्लासवर आठवीला परावर्तन शिकवत होते, तेवढ्यात नि.चा फोन. "शुक्रवारी जासईला एका कंपनीत इंटरव्ह्यू हाय. आई बोलते, दाढी काढून माणसासारखा जा. काय करू?"
"ठेव. कंटिन्युइटी."
फोन ठेवला आणि लगेच पस्तावले. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत ट्रेलर चालवून चालवून त्याच्या बाबांची कंबर गेलीय. ही नोकरी माझ्यामुळे हुकली तर? कामोठ्याला घरी येईपर्यंत रिक्षात तीनदा मेसेज लिहिला, तीनदा पुसला.
आई: "तोंड का पाडलंयस? त्या पिक्चरने पोट भरणारे का? बी.एड. कर म्हणतेय केव्हाची."
जेवण गेलं नाही.

९ जाने., शुक्रवार
झाली नोकरी! दाढी बघून साहेबांनी विचारलं म्हणे, "घरात सुतक आहे का?" हा म्हणाला, "नाय साहेब, पिक्चर हाय." सगळे हसले. फोनवर मीही हसले, जरा जास्तच मोठ्यांदा.
मग पुढचं. सोमवारी नऊला हजर व्हायचं, दाढी काढून. पोस्टिंग गुजरातला, त्याच संध्याकाळच्या गाडीने. दोन वर्षं.
"अरे वा," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
"तन्मयला बोलू नको. रविवारी सीन करतो, मग मीच सांगतो."
मला तो आवडतो. घ्या, लिहिलं एकदाचं. आणि गुजरातला काय दाढीवाले साहेब नसतात? मेले.

११ जाने., रविवार
परवानगी आली, सगळे वेळेवर, ऊनही छान. सीन सोपा. हीरो गाडीच्या पायरीवरून खाली उतरतो आणि हिरॉइनला म्हणतो, "मी जात नाही." तीन शब्द. नि.ला जमेनात. एकदा "जात नाय" आलं. एकदा नुसताच गाडीकडे बघत राहिला. एकदा माझ्याकडे, आणि हिरॉइन बिचारी तिकडे उभी! शेवटी कंडक्टर वैतागला, "जातोस का राहतोस ते ठरव बाबा, मला गाडी काढायचीय."
ऊन गेलं. तन्मय म्हणाला, "ठीक आहे, पुढच्या रविवारी." नि.ने सांगितलंच नाही त्याला. मी तरी कुठे सांगितलं.
नंतर टपरीवर आम्ही दोघंच.
"आता बोल. काढू का दाढी?"
"तन्मयला विचार ना."
"तन्मयला नाय विचारत. तुला विचारतोय."
"कंटिन्युइटीसाठी तर ठेवायलाच..."
"ती सोड. तुझ्यासाठी?"
मी म्हटलं, वडापाव गार होतोय. खरंच म्हटलं हे. चोवीस वर्षांची घोडी मी!

१२ जाने., सकाळ
आत्ता त्याचा फोटो आलाय. मोरीतला आरसा, एका गालावर साबणाचा फेस, दुसरा कोरडा. खाली लिहिलंय, "नऊला पोचायचंय. थांबलोय. बोल."
'काढ' म्हणावं तर गेला. पिक्चर राहिला बाजूला, हाच गेला. 'ठेव' म्हणावं तर त्याचे बाबा त्या कंबरेनिशी ट्रेलर चालवत राहणार आणि ते कायम माझ्या नावावर. इकडे आड तिकडे विहीर, आणि मेल्याने मला काठावर उभं केलंय. स्वतःचं स्वतः ठरवायला काय झालं याला?
पण चार महिने मीच सांगत आले ना, ठेव, ठेव, ठेव. खरं कारण एकदाही सांगितलं नाही. ते सांगितलं तर राहील का? आणि राहिला तर? भीती नक्की कशाची वाटतेय तेच कळेना.
स्वयंपाकघरातून आई ओरडतेय, दूध उतू गेलं, लक्ष कुठाय तुझं?
आठ वाजत आले. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. त्याला तिकडे दिसत असणार, केतकी टायपिंग, मग काहीच नाही, परत टायपिंग.
फेस वाळला असेल त्याचा.