ठेक्यात न बसणारं नाव

पंचफुला,

मी सकाळच्या मोटारीनं नागपूरले निघालो. तू विहिरीवर असतानाच निघालो, कारण तुह्या तोंडाकडे पाहून हे सांगणं मले जमत नाही. चिठ्ठी एकटीच वाचजो, मायले दाखवू नको.

उद्या रेडिओवर आमच्या ढोलकी-पार्टीचं गाणं हाये. "माह्या नावाचं गाणं लागणार, पंचायतीच्या रेडिओपाशी या," असं तू साऱ्या मोहल्ल्याले सांगून ठेवलं. तेच मले खाऊन राह्यलं.

लग्नापासून तू विचारत आली, "माहं नाव आलं का गाणं असं काहून धावते?" मी दर वेळी ढोलकीवाल्या उकंडावर ढकललं. त्याचा काही दोष नाही. गाण्यात तुह्या नावाच्या जागी आधी 'यमू' होतं; त्या दोन अक्षरांच्या जागेत तुहं चार अक्षरांचं नाव कोंबलं, म्हणून ते धावते. यमू राळेगावची. तिचं लग्न दुसरीकडे झालं, अन् तिच्यावर केलेलं गाणं मी तुह्यासाठी केलं म्हणून सांगतलं. 'सखे, तुह्यापाशी खोटं बोलणार नाही' असं त्यात गळा काढून म्हणतो, अन् लोक टाळ्या वाजवतात. तू तं पदर तोंडाले लावून हसतं.

ते गाणं मी उद्या म्हणणार नाही. मोहल्ल्यात काय सांगाचं ते तू ठरवजो, सारं माह्यावर घालजो. तुह्या नावाचं गाणं माह्यापाशी अजून नाहीच.

तू उद्यासाठी रफू केलेला कोट खुंटीवरच हाये. रेडिओत तो कोणाले दिसला नसता, पण मले दिसला असता.

बळीराम