बाजल्यासमोरचा खंड

८ एप्रिल, बुधवार. सास्तूर.

चूक निघावी म्हणून शाळेतून आल्या आल्या मोबाइलवर शोधलं. बरोबर निघालं. त्याचाच जास्त राग आला.

माझा सातवीचा भूगोल नव्या मॅडमना दिलाय, त्याला पंधरा दिवस झाले. आज व्हरांड्यातून जाताना ऐकलं. त्या सांगत होत्या, "ग्रीक लोक उत्तरेकडच्या सप्तर्षींना 'आर्क्टोस', म्हणजे अस्वल म्हणायचे. 'अँटी' म्हणजे समोर; त्या अस्वलाच्या अगदी समोरच्या टोकाला, म्हणून नाव अंटार्क्टिका." लगेच विचारलं, "तुमच्यात सप्तर्षींना काय म्हणतात?" सगळा वर्ग ओरडला, "बाजलं आन् तीन चोर!"

"मग आपल्यासाठी तो बाजल्यासमोरचा खंड," मॅडम म्हणाल्या. पोरं लई हसली. माझ्या तासाला अशी कधी हसली होती?

वीस वर्षं मी काय केलं? अंटार्क्टिकातला रफार चुकला की अर्धा मार्क कापला. अस्वल मला ठाऊक नव्हतं, ते जाऊ दे. पण बाजलं? भूकंपानंतर आम्ही उघड्यावर झोपायचो, तेव्हा आईनं पहाटे बोटानं दाखवलेलं चार चांदण्यांच्या चार पायांचं बाजलं, अन् मागं ते तीन चोर. ते तर माझं होतं! तेही मॅडमनी नेलं?

जेवताना माझी मुलगी, त्याच वर्गातली, म्हणाली, "पप्पा, तुम्हाला हे अस्वलाचं माहीत व्हतं?"

"व्हय. कवाचंच."

भाकरी मोडता मोडता ती थांबली. "मग आमाला सांगितलं का न्हाय?"